ब्युरेटचं रीडिंग आणि कंपनीचं गेट

बी.एस्सी.च्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलमध्ये सीबीआर नावाचा एक आकडा असतो. टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट या आखीव नळीतून द्रावण थेंबथेंब सोडून किती लागलं ते मोजणं, तीन वेळा करायचं, आणि ब्युरेटवर जे रीडिंग जुळून येईल ते खाली चौकटीत लिहायचं. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. पहिलं १०.४ आलं की उरलेली दोनही १०.४च येतात. न करताच येतात. शेजारच्या बॅचचं उत्तर आधीच कानावर पडलेलं असेल तर पहिलंसुद्धा करावं लागत नाही. हे शिक्षकांना माहीत असतं, लॅब असिस्टंटला माहीत असतं, बाहेरून आलेल्या परीक्षकालाही माहीत असतं. जर्नलवर सही होते, मार्क पडतात, आणि मुलगा केमिस्ट्रीचा पदवीधर होतो.

विज्ञानाच्या मुलांना नोकरीसाठी तयार कसं करायचं यावर हल्ली आमच्या कोकणातल्या कॉलेजात इतक्या सभा होतात की चहाचं बिल वेगळ्या खात्यात टाकावं लागतं. त्या सभांमध्ये या १०.४ चा विषय मी कधी ऐकला नाही.

तसं पाहिलं तर कोकणातल्या मुलांना कारखाना बघायला लांब जावं लागत नाही. रोह्याजवळ धाटाव, खाली महाड, पुढे खेड आणि चिपळूणच्या मधे लोटे-परशुराम. हायवेने उतरत गेलं की रसायनांच्या एमआयडीसी एकामागून एक लागतात. रत्नागिरीला मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आणि आंब्याच्या पल्पचे कारखाने आहेत. सिंधुदुर्गात काजू आहे, आणि काजूच्या टरफलातून निघणारं तेल आहे, ज्यातल्या कार्डेनॉलपासून रेझिनं आणि ब्रेक लायनिंगची पावडर बनते. एका पदवीच्या अभ्यासक्रमाला पुरून उरेल इतकं रसायनशास्त्र या किनाऱ्यावर रोज चालू असतं. तरी पदवी हातात पडली की आमची बरीच मुलं मुंबईची गाडी धरतात. आजोबा लोअर परळच्या गिरणीत गेले, नातू लोअर परळच्याच कॉल सेंटरात. गावाजवळच्या कंपनीत जी लागतात, त्यातली कितीतरी हेल्पर म्हणून लागतात. लॅबमधल्या खुर्चीवर वापीहून नाहीतर अंकलेश्वरहून आलेला माणूस बसलेला असतो.

याचं कारण काय, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: इंग्रजी. मग सॉफ्ट स्किल्सची कार्यशाळा. पुण्याहून एक टाय लावलेले गृहस्थ येतात आणि हात कसा मिळवायचा ते शिकवतात. मी त्याला विरोध करत नाही, मुलांना मजा येते. पण एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या, विभागात वरच्या जागेवर असलेल्या, आमच्याच जुन्या विद्यार्थ्याने मला वेगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, इंग्रजी दोन महिन्यांत येतं हो. आकडा बसवायची सवय जायला फार वेळ लागतो. काही जणांची जातच नाही. त्यांना आम्ही लॅबमधून काढून पॅकिंगला देतो."

औषध कंपनीच्या लॅबमध्ये आकडा बसवणं म्हणजे काय, हे आमच्या मुलांना बाहेरून कळत नाही. तिथे चूक झाली तर खाडाखोड करता येत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर गेटच्या आत येत नाही. सुट्या चिठ्ठीवर वजन टिपून नंतर वहीत उतरवणं हाही गुन्हा, कारण नोंद त्याच क्षणी, त्याच कागदावर व्हायला हवी. एचपीएलसी, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, तर स्वतःच हिशोब ठेवतं. कोणी, किती वाजता, यंत्राला कोणत्या नमुन्याचं इंजेक्शन दिलं आणि कोणतं पुसायचा प्रयत्न केला, ते सगळं ऑडिट ट्रेलमध्ये राहतं. अमेरिकेच्या एफडीएने भारतातल्या औषध कारखान्यांना जी इशारापत्रं पाठवली, त्यांत हा नोंदींच्या खरेपणाचा मुद्दा पुन्हा पुन्हा आलेला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्यावर प्रश्नोत्तरांच्या रूपात सविस्तर मार्गदर्शनही काढलं.

आणि मर्यादेबाहेरचा आकडा आला तर? आमच्याकडे मुलगा पुन्हा टायट्रेशन करतो, बरोबर येईपर्यंत. अमेरिकेतसुद्धा एके काळी हेच चालायचं. १९९३ साली न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात बार लॅबोरेटरीज या कंपनीच्या खटल्यात न्यायमूर्ती वोलिन यांनी त्याला चाप लावला. पास होईपर्यंत तपासत राहणं चालणार नाही, नापास आकड्याची आधी चौकशी करा, असा त्या निकालाचा अर्थ होता. आज जगभरच्या क्यूसी लॅबमध्ये ओओएसची, म्हणजे मर्यादेबाहेरच्या आकड्याच्या चौकशीची, जी लांबलचक प्रक्रिया असते, तिला वळण देण्यात या निकालाचा मोठा वाटा आहे. हा निकाल मी आता दुसऱ्या वर्षाला शिकवतो. अभ्यासक्रमात नाही. वेळ कुठून काढता, असं विचारणाऱ्यांना मी सांगतो, सॉल्ट ॲनालिसिसच्या पाठांतरातून.

आमच्या लॅबमध्ये थोडे बदल केले. बांधीव वही, पानांना नंबर, पेन्सिल बंद. प्रत्येकाला वेगळ्या तीव्रतेचं द्रावण, म्हणजे कानात सांगायला उत्तरच उरत नाही. रीडिंग एकमेकांपासून दूर आली तर मार्क जात नाहीत, पण ती का दूर आली हे लिहावं लागतं. पहिल्या काही आठवड्यांत वह्यांमध्ये ९.८, १०.५, १०.१ असे आकडे दिसायला लागले तेव्हा मला फार बरं वाटलं. सहकाऱ्यांना वाटलं नाही. त्यांची बाजू खोटी नव्हती. विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तर अपेक्षित आकड्याच्या जवळ असलं तर मार्क, मग आमच्या मुलांनी प्रामाणिकपणाची किंमत मार्कांत का मोजावी? या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. स्टाफरूममध्ये तो दर ऑक्टोबरला नव्याने सुरू होतो.

आता करारांकडे वळतो. सामंजस्य करार, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा एमओयू, आमच्या भागातल्या बहुतेक कॉलेजांकडे ढिगाने आहेत. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक समितीला दाखवायची फाइल जाड होते, प्राचार्य आणि एचआर मॅनेजर शाल-श्रीफळासह फोटोत येतात. त्यापुढे काय? साखरपुडा झाला आणि लग्नाची तारीख कोणी काढलीच नाही, अशी त्या करारांची गत. यात कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एचआरच्या माणसाला लॅबमध्ये काय चालतं ते माहीत नसतं आणि प्राचार्यांना प्लांटमध्ये काय चालतं ते. दोन्हीकडच्या ज्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं, ती फोटोत नसतात.

माझ्या अनुभवात जे काही घडलं ते करारामुळे नाही, तर शनिवारी मोटरसायकलवरून येणाऱ्या एका माणसामुळे घडलं. तोच तो क्यूसीवाला. येताना तो कंपनीची परवानगी घेऊन कधी आयुष्य संपलेला एचपीएलसीचा कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) आणायचा, कधी कोऱ्या बॅच रेकॉर्डचा नमुना, कधी नाव-गाव झाकलेला एखादा क्रोमॅटोग्राम, म्हणजे त्या यंत्राने काढलेला आलेख, ज्यात मुख्य शिखराच्या पायथ्याशी एक बारीकसा उंचवटा असायचा. मुलांना विचारायचा, हे काय आहे? मुलं गप्प. मग तासभर त्या उंचवट्यावर बोलणं चालायचं. हवा गेली असेल? कॉलम थकला असेल? की खरंच अशुद्धी आहे? ठरवण्यासाठी आधी काय तपासाल, कोणाला सांगाल, बॅच थांबवाल का? यूजीसीने २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची सोय काढली, तिच्यात अशा माणसाला पीएच.डी. नसतानाही वर्गात आणता येतं. मात्र १५ वर्षांचा अनुभव हवा, आणि मानधन कुठून द्यायचं हे ज्याचं त्याने बघायचं. तालुक्याच्या कॉलेजला ते कसं जमणार? आमचा माणूस पेट्रोलचेही पैसे घेत नव्हता. पुढे त्याची बदली गुजरातला झाली आणि शनिवार बंद पडले. हा या व्यवस्थेचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. माणूस गेला की भागीदारी गेली.

शिक्षण आणि कारखाना यांची सांगड ही काही परवाची कल्पना नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हरमन श्नायडर यांनी १९०६ मध्येच इंजिनीअरिंगची मुलं पाळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. आपल्याकडे प्रफुल्लचंद्र राय यांनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता १९०१ मध्ये बेंगॉल केमिकल्स उभी केली. आणि मुंबईत १९३३ साली विद्यापीठाची रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारी यूडीसीटी निघाली ती कापडगिरण्यांचा आणि रंगांचा धंदा समोर ठेवूनच. प्रा. के. वेंकटरामन १९३८ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि रंगांच्या रसायनशास्त्रात त्यांनी जे काम केलं ते उद्योगाला खेटूनच केलं. पण एक फरक लक्षात घ्यायला हवा. यूडीसीटीकडे उद्योगाला देण्यासारखं काहीतरी होतं: संशोधन, नवे रंग, नव्या प्रक्रिया. आम्ही कंपनीच्या दारात जातो ते हात पसरून. मुलांना घ्या हो, सर्टिफिकेट द्या हो. असं गेल्यावर मुलं बाटल्या धुवायला आणि त्यांना लेबलं लावायलाच बसवली जातात. (बाटल्या धुण्याला माझी हरकत नाही. काचेचं भांडं खरंच स्वच्छ झालंय की नाही हे कळणं ही अर्धी केमिस्ट्री आहे. पण आठवडाभर, महिनाभर नव्हे.)

नव्या शैक्षणिक धोरणाने ऑन जॉब ट्रेनिंग सक्तीचं केलंय. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. कागदावर छान आहे. कोकणात मात्र त्याची गाठ पंचांगाशी पडते. हापूसचा पल्प करणाऱ्या कारखान्यात खरं काम एप्रिल-मेमध्ये. दिवसरात्र ब्रिक्स (गोडीचं माप) बघायचा, आम्लता बघायची, पीएच ४.६ च्या खाली आहे ना याची खात्री करायची, कारण त्याच्यावर गेला तर बंद डब्यात बोट्युलिझमच्या जिवाणूला वाव मिळतो. नेमक्या त्याच दिवसांत विद्यापीठाच्या परीक्षा. परीक्षा संपून मुलं मोकळी होतात तेव्हा जून लागलेला असतो, आंबा संपलेला असतो, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, म्हणून मासळीच्या कारखान्यांतही सामसूम. मुंबईत बसून वेळापत्रक आखणाऱ्याला हे कसं सुचावं?

दुसरी गाठ एसटीशी. जनरल शिफ्टला पोचायचं तर पहिली गाडी धरावी लागते, आणि सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा गावाकडे जाणारी शेवटची गाडी गेलेली असते. मुलग्यांचं कसंबसं भागतं. मुलींचे वडील येऊन उभे राहतात, "सर, दिवसाची शिफ्ट असेल तर बघा, रात्रीची नको हां." वर्गात मुली जास्त, वह्या त्यांच्याच चोख, आणि ट्रेनिंगच्या यादीतून पहिली गळतात त्याही त्याच. कंपनीच्या बसमध्ये दोन जागा मिळवणं हे माझ्या लेखी कुठल्याही सामंजस्य करारापेक्षा मोठं काम आहे, आणि तेवढंच अवघडही. पैशांचं म्हणाल, तर २०२४ साली राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तिच्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये मिळतात. त्यामुळे काही घरांतून निदान नाही म्हणणं थांबलं.

मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते एका मासळी कारखान्याच्या लॅबमध्ये. औषध कंपनीच्या मानाने ती लॅब लहान, गमबूट घालून जायचं, वास अंगाला चिकटतो. निर्यातीच्या मालात हिस्टामिन तपासायचं काम. बांगडा, कुपा, सुरमई या जातींच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा पकडल्यावर थंड ठेवला नाही की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि खाणाऱ्याच्या अंगावर लाल चट्टे उठतात, डोकं ठणकतं. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून जात नाही, गोठवून जात नाही. युरोपचा नियम असा: एका लॉटमधले नऊ नमुने, सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत, फार तर दोन नमुने १०० ते २०० च्या मधे, आणि २०० च्या वर एकही नाही. कंटेनर परत आला तर नुकसान लाखांत.

आमची एक विद्यार्थिनी तिथे ट्रेनिंगला होती. खारवी घरातली, वडील आणि भाऊ दोघेही समुद्रावर. काही लॉटमध्ये आकडा चढलेला यायचा, मर्यादेच्या आत पण नेहमीपेक्षा वर. लॅबमधल्या लोकांनी पद्धत तपासली, स्टँडर्ड नवीन केलं, कॉलम बदलला. आकडा चढलेलाच. तिने वहीत लॉटच्या पुढे एक जास्तीचा रकाना आखला: माल कोणत्या बंदरावर, किती वाजता उतरला. मग घरी जाऊन भावाला विचारलं. भावाने जे सांगितलं त्याला कसलंही यंत्र लागत नाही. त्या दिवसांत बंदरावर गर्दी होती, बोटींना उतरायला जागा मिळत नव्हती, खणातला बर्फ संपत आला होता आणि मासळी तशीच ताटकळली होती. तिने रकाना भरून मॅनेजरला दाखवला. मॅनेजर बराच वेळ पानाकडे बघत होते, मग म्हणाले, "हे आमच्या कुणाला का सुचलं नाही?" कसं सुचेल? लॅबमधल्या कुणाच्याच घरी बोट नव्हती. त्यानंतर माल घेताना उतरण्याची वेळ आणि माशाचं तापमान लिहून घ्यायला लागले, आणि मुलीला ट्रेनिंग संपल्यावर तिथेच ठेवून घेतलं. केमिस्ट म्हणून.

आमच्याकडे उद्योगाला देण्यासारखं काय आहे, या प्रश्नाचं उत्तर मला त्या रकान्यात सापडलं. खाडी, बंदर, बाग, भरती-ओहोटी, कलम कधी मोहोरतं, बोट कधी परतते, हे ज्ञान वापीहून आलेल्या केमिस्टकडे नसतं. त्याला आकड्याची शिस्त जोडली की हा माणूस कुठल्याही लॅबला हवासा वाटतो.

पण मग हेच ज्ञान कंपनीला अडचणीचं झालं तर?

खाडीत मासे मरून वर आले की गावात सभा भरते, पंचनामा होतो, सगळी बोटं एमआयडीसीकडे वळतात. आमचा एक मुलगा तेव्हा एका रसायन कंपनीच्या ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या विभागाच्या, लॅबमध्ये ट्रेनिंगला होता. त्याच्या काकाची जाळी खाडीत. काका रोज विचारणार, काय सोडतात रे तुमचे लोक? मुलाने गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली. तो माझ्याकडे आला. मी त्याला सांगितलं की कंपनीचा आकडा बाहेर न्यायचा नाही, सही केलीस ना? पण खाडी कंपनीची नाही. सार्वजनिक जेटीवरून पाणी घ्यायला आपल्याला कोण अडवतंय? सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं रसायनाने ऑक्सिडेशन करायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप, आपल्याही लॅबमध्ये होतो. नमुना डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिडबरोबर दोन तास रिफ्लक्स करायचा, उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेट करायचं, फेरोइनचा रंग निळसर हिरव्यातून तांबूस तपकिरी झाला की थांबायचं. दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही येतं. बीओडी, म्हणजे तीच घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, तर आपल्याच हवामानाच्या सोयीने, २७ अंशांवर तीन दिवस.

पहिल्याच फेरीत आकडा भलताच मोठा आला. मुलं खवळली, पेपरात द्यायला निघाली. मी विचारलं, नमुना कधी घेतला? भरतीला. भरतीला खाडीत समुद्राचं पाणी असतं, लिटरला १९ ग्रॅमच्या आसपास क्लोराइड. डायक्रोमेट ते क्लोराइडसुद्धा खातं आणि सीओडी फुगवून दाखवतं. मर्क्युरिक सल्फेट घालून क्लोराइड बांधून ठेवायचं असतं, पण इतक्या खारट पाण्यात तेही अपुरं पडतं. (शिवाय उरलेला पारा सिंकमध्ये ओतायचा नसतो. प्रदूषण मोजताना प्रदूषण करणाऱ्या लॅबा मी पाहिल्या आहेत.) म्हणजे कंपनीला पकडायला गेलेला आकडाच खोटा निघाला असता. मुलांचे चेहरे पडले. खरं सांगायचं तर वर्गात कुठल्याही तासाला मी जे शिकवू शकलो नसतो ते त्या दुपारी झालं. जो आकडा आपल्या मनासारखा आला आहे त्याची जास्त कसून तपासणी करायची, हे मुलांनी हाताने करून पाहिलं.

आम्ही खाडीचे नमुने घेतो हे कळल्यावर एका कंपनीने पुढच्या वर्षी मुलं घेणं बंद केलं. कारण काही कळवलं नाही. दुसऱ्या एकीने मात्र स्वतःचा केमिस्ट पाठवला. एकच नमुना दोन बाटल्यांत वाटून घेऊ, अर्धा तुमच्या लॅबमध्ये, अर्धा आमच्या. ओहोटीला, जेटीवर दोघांनी समोरासमोर बाटल्या भरल्या. आकडे जुळले नाहीत. त्यांचा कमी, आमचा जास्त. दोन्हीकडच्या वह्या टेबलावर उघडल्या गेल्या, क्लोराइडची दुरुस्ती कोणी कशी केली यावर हमरीतुमरी झाली. आमची मुलगी त्यांच्या वहीत वाकून बघत म्हणाली, "सर, तुमच्याकडे रिफ्लक्स कधी सुरू केला ती वेळ लिहिलेली नाही." केमिस्टने पान दोनदा वाचलं. पेन काढलं, रकान्यात वेळ लिहिली, पुढे 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून सही केली आणि त्या दिवसाची तारीख घातली. मग मान वर करून विचारलं, "ही कुठल्या वर्षाला आहे म्हणालात?"

पुढचा नमुना भांगाच्या ओहोटीला घ्यायचं ठरलंय, कारण तेव्हा खाडीत पाण्याची ये-जा कमी असते. मर्क्युरिक सल्फेट दोघांनी एकाच बाटलीतलं वापरायचं आणि उरलेल्या पाऱ्याची विल्हेवाट कंपनीने लावायची. हे सगळं कुठल्या करारात बसतं ते मी प्राचार्यांना विचारलेलं नाही.